तिसरी हाक

आमच्या पेठेत ज्या घराच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी टांगलेली असते, त्या घरचा कुत्रा शूर, अशी आमची पुष्कळ वर्षांची समजूत होती. टपालवाला दिसताच त्याच्या अंगावर धावून जाणे, रात्री अपरात्री सगळ्या आळीची झोप मोडणे, आणि एकदा तोंडात धरलेली चीज कोणाही मायेच्या पुताला न सोडणे, ही आम्ही श्वानशौर्याची तीन लक्षणे मानीत होतो. त्यातही तिसरे लक्षण आम्हांस विशेष प्रिय होते. ही समजूत 2023 सालच्या वसंतात, दक्षिण जर्मनीतील एका हिरव्यागार मैदानावर, अवघ्या पंधरा सेकंदांत नाहीशी झाली. ती कशी नाहीशी झाली हे वाचकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यात आमच्या घरच्या एका जुन्या भांडणाचाही संबंध येतो. तो टाळता आला असता तर आम्ही खचित टाळला असता.

आमचा एक भाचा आज कित्येक वर्षे श्टुटगार्टनजीक एका गावी नोकरीनिमित्त राहतो. आमची सौभाग्यवती आणि आम्ही त्याच्याकडे दोन महिने राहावयास गेलो, तेव्हा दार उघडावयास भाच्याच्या आधी त्याचा कुत्रा आला. जर्मन शेफर्ड जातीचा, काळ्या पाठीचा, छातीने भरदार. कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक जर्मन आहे. परंतु घरात त्यास 'भैरू' म्हणतात. भैरूस दोन भाषा येतात. कामाच्या आज्ञा त्यास जर्मन भाषेत मिळतात आणि लाड मराठीत होतात. त्यामुळे जर्मन ऐकले की तो शिपायासारखा ताठ होतो, आणि 'अरे लब्बाडा' म्हटले की उताणा पडतो. या दोन भाषांचा मेळ घालून पाहण्याचा मोह आम्हांस झाला होता. परंतु भाच्याने आधीच हात जोडून सांगितले, ''मामा, कृपा करून त्याला काही शिकवू नका. पुढल्या रविवारी त्याची परीक्षा आहे.''

आम्ही तीस वर्षे शाळामास्तरकी केली. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे किती गठ्ठे आमच्या लाल शाईखालून गेले, त्याची गणती नाही. परीक्षा हा शब्द ऐकताच आमचे निवृत्त रक्त सळसळले. कुत्र्याची परीक्षा कोण घेतो, विषय किती, गुण किती, उत्तीर्ण होण्यास किती लागतात, असे प्रश्न आम्ही एकापाठोपाठ एक विचारले. आणि भाच्याने त्या रात्री जेवणानंतर नियमांचे पुस्तकच आमच्यापुढे उघडून ठेवले.

या परीक्षेचा वंश थोडक्यात असा आहे. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातील एका कप्तानाने 1899 च्या एप्रिल महिन्यात कार्ल्सरूह येथील श्वानप्रदर्शनात मेंढपाळांचा एक कुत्रा पाहिला, तो विकत घेतला, त्याचे नाव बदलून होरांड ठेवले, आणि त्याच महिन्यात जर्मन शेफर्ड जातीचा संघ स्थापन केला. मेंढरे कमी होत चालली होती, कारखाने वाढत होते. ज्या जातीचे काम संपत आले, ती जात पुढे केवळ शोभेची होईल, ही भीती त्याच्या मनात होती. कुत्र्याचे मोल त्याच्या रूपावर नसून उपयोगावर आहे, हा त्याचा आग्रह. म्हणून पिढी चालविण्यास कोणता कुत्रा योग्य, हे ठरविण्याकरिता विसाव्या शतकाच्या आरंभी ही कसोटी निघाली. तिचे नाव 'शुट्सहुंड', म्हणजे संरक्षक कुत्रा. पुढे ती अन्य देशांत गेली, अन्य जातींना खुली झाली, आणि तिला खेळाचे रूप आले. 1911 साली स्थापन झालेली आणि बेल्जियममध्ये मुख्य ठाणे असलेली जी आंतरराष्ट्रीय श्वानसंस्था आहे, तिच्या नियमांनी आज ती चालते. या नियमावलीतले तिचे नाव काही वर्षे 'आय.पी.ओ.' होते, 2019 पासून ते 'आय.जी.पी.' असे झाले. मूळच्या 'शुट्सहुंड' या नावातील 'संरक्षण' हा शब्द या नव्या नावात नाही, त्यात 'उपयोगी कुत्रा' हा शब्द आहे. चाव्याची धास्ती वाटणाऱ्या लोकांची समजूत घालण्यास हा बदल बरा, असे भाच्याचे मत आहे.

परीक्षेच्या तीन इयत्ता आहेत. पहिलीस बसण्यास कुत्रा निदान अठरा महिन्यांचा हवा. दुसरीस एकोणीस, तिसरीस वीस. परंतु पहिलीत बसण्यापूर्वीही एक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि ती आम्हांस फारच आवडली. तीत पराक्रमाचा मुळी प्रश्नच नाही. पंधरा महिने पूर्ण झालेला कुत्रा प्रथम परक्या माणसासमोर शांत उभा राहतो की नाही, ते पाहतात. मग थोडी आज्ञापालनाची कवाईत. आणि नंतर त्यास रस्त्यावर नेतात. जवळून सायकल जाते, मोटार जाते, कोणी धावत जातो, दुसरा कुत्रा येतो, माणसांची गर्दी होते, धनी त्यास बांधून क्षणभर दृष्टीआड होतो. या सर्व प्रसंगी त्याने काय करावयाचे? काहीही करावयाचे नाही! सभ्य गृहस्थासारखे राहावयाचे. जो रस्त्यावर सभ्य नाही, त्यास मैदानावर शूर होण्याची परवानगी नाही, हा त्या नियमाचा अर्थ. आमच्या पेठेतील पाटीवाले सर्व वीर या प्रवेशपरीक्षेतच गारद झाले असते.

प्रत्येक इयत्तेत विषय तीनच: माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकास 100 गुण, एकूण 300. आणि येथे आमच्यातील मास्तर ताठ बसला. कारण उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात निदान 70 गुण लागतात. आमच्या शालान्त परीक्षेतील 35 च्या बरोबर दुप्पट! पहिल्या दोन विषयांत शंभरपैकी शंभर मिळवून तिसऱ्यात 69 मिळविणारा कुत्रा 269 गुणांनिशी नापास होतो. आणि तिन्हींत सत्तर-सत्तर मिळविणारा मध्यम कुत्रा 210 गुणांत पास होतो. एका गुणाच्या आधिक्याने दुसऱ्या गुणाचा अभाव भरून निघत नाही. कृपागुणांची सोय त्या पुस्तकात आम्हांस कोठे आढळली नाही. श्रेणीचे शब्दही मोजके आहेत. 286 पासून पुढे 'उत्कृष्ट', 270 ते 285 'फार चांगला', 240 ते 269 'चांगला', 210 ते 239 'समाधानकारक', आणि त्याखाली 'अपुरा'. 'हुशार आहे, पण अभ्यास करीत नाही' असला शेरा मारण्यास कोठे जागा ठेवलेली नाही.

रविवारी सकाळी आम्ही एका शेताच्या बांधावर उभे होतो. दव पडलेले होते. भाच्याने वीस-पंचवीस मिनिटांपूर्वी त्या शेतातून सुमारे तीनशे पावले चालून ठेवली होती. तीन सरळ रेघा, दोन काटकोनी वळणे, आणि वाटेत दोन लहान वस्तू. तिसऱ्या इयत्तेत हाच माग परक्या माणसाने घातलेला, सहाशे पावलांचा, चार वळणांचा, आणि एक तास शिळा असतो. भैरू दहा मीटर लांबीच्या दोरीच्या टोकाशी, नाक जमिनीस लावून, एकेक पाऊल वाचीत निघाला. वाचीत हाच शब्द आम्हांस योग्य वाटतो. कारण वाचणाऱ्या मुलाचे बोट जसे ओळीखालून सरकते, तसे ते नाक मातीवरून सरकत होते. वळणावर तो थबकला, श्वास घेतला, आणि डावीकडे वळला. वस्तू सापडली तेव्हा तो तिच्यापाशी निमूट आडवा झाला. घाई करणाऱ्या कुत्र्याचे गुण जातात, हे ऐकून आम्हांस आश्चर्य वाटले. माग लवकर संपविणे हा येथे पराक्रम नव्हे. परीक्षकांनी 97 गुण जाहीर केले. आमच्या सौभाग्यवतीने थर्मासमधील चहा ओतता ओतता भैरूची दृष्ट काढली.

आज्ञापालन मैदानावर झाले. तेथे कुत्रे जोडीने येतात. एक काम करीत असता दुसरा मैदानाच्या कडेला पडून राहतो. त्याचा धनी त्याच्याकडे पाठ करून दूर उभा असतो. ते निमूट पडून राहणे हासुद्धा परीक्षेचा एक भाग आहे, आणि त्यास गुण आहेत. बसून राहण्यास गुण देण्याची ही पद्धत आमच्या वर्गात असती, तर आमच्या मास्तरकीचा इतिहास निराळा झाला असता. काम करणारा कुत्रा धन्याच्या डाव्या गुडघ्याशी लागून चालतो. मध्येच पिस्तुलाचे बार होतात, त्यांनी दचकणाऱ्यास परीक्षेतून काढून टाकतात. चालता चालता त्यास बसविले जाते, निजविले जाते. लाकडी डंबेल आणावयास तो अडथळ्यांवरून जातो आणि येतो. हे सर्व त्याने केलेच पाहिजे. परंतु आनंदाने केले पाहिजे, असा नियमांचा कटाक्ष आहे. शेपूट पायांत घालून, मान खाली घालून जो आज्ञा पाळतो, त्याचे गुण कमी होतात. धाकाने शिकविलेला कुत्रा परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. भैरूस 91 मिळाले. दोन विषयांत मिळून 188. भाच्याचा चेहरा उजळला. आणि आम्ही मनातल्या मनात पुण्यातील नातेवाइकांस पाठविण्याच्या मजकुराची जुळवाजुळव करू लागलो.

दुपारी संरक्षण. मैदानावर दोहो बाजूंस मिळून सहा आडोसे उभे केलेले असतात. तिसऱ्या इयत्तेतील कुत्र्यास ते सर्व धुंडाळावे लागतात. पहिलीतल्यास शेवटल्या आडोशाकडेच सोडतात. आत मदतनीस उभा असतो. अंगात जाड पोशाख, हातात तागाची भरीव बाही, दुसऱ्या हातात मऊ कातड्याने मढविलेली काठी. तो स्तब्ध असेपर्यंत कुत्र्याने त्यास शिवावयाचे नाही. समोर उभे राहून अखंड भुंकत त्यास रोखून धरावयाचे. स्तब्ध माणसास दात लावल्यास गुण कापतात. तो पळू लागला, किंवा अंगावर आला, तरच झेप. आणि झेप बाहीवरच. बाही सोडून अंगास दात लावणारा कुत्रा तत्काळ बाद होतो. गुणांखेरीज या विषयात परीक्षक आणखी एक निवाडा शब्दांत देतो: कुत्र्याची ऊर्मी टिकते काय, त्याचा स्वतःवर भरवसा आहे काय, दडपण आले असता तो ते सोसतो काय. या तिन्हींचे मिळून 'ठळक', 'आहे' किंवा 'अपुरे' असे एकाच शब्दात माप होते.

भैरू भुंकला तेव्हा सारे मैदान घुमले. मदतनीस पळू लागताच त्याने एका झेपेत त्यास अडविले. काठी उगारली गेली, तरी त्याची पापणीही हलली नाही. भाच्याने सोडण्याची आज्ञा दिली, आणि त्याने, किंचित नाराजीने का होईना, बाही सोडली. प्रेक्षकांतील एक वृद्ध जर्मन बाई आमच्याकडे वळून काही बोलल्या. शब्द कळले नाहीत. परंतु त्या कुत्र्याची स्तुती करीत आहेत, हे आम्ही कोणत्याही भाषेत ओळखले असते.

आता शेवटचा प्रसंग उरला होता. मदतनीस मैदानाच्या पलीकडून आरडाओरडा करीत, काठी नाचवीत धन्याच्या दिशेने धावत येतो. धनी कुत्रा सोडतो. दोघे वाऱ्याच्या वेगाने एकमेकांवर येऊन आदळतात. भैरूने बाही अशी काही पकडली की मदतनीस स्वतःभोवती अर्धा फिरला. मग ठरल्याप्रमाणे तो स्तब्ध उभा राहिला. लढाई संपली. भाच्याने आज्ञा दिली: ''आउस!'' म्हणजे, सोड.

भैरूने सोडले नाही.

येथे वाचकांस नियम सांगितला पाहिजे. सोडण्याची पहिली आज्ञा धन्याने आपण होऊन द्यावयाची. ती मानली नाही, तर परीक्षकाच्या इशाऱ्यावरून आणखी दोन देता येतात. धन्याने जागचे हलावयाचे नाही, हातवारे करावयाचे नाहीत. दुसऱ्या आज्ञेस कुत्र्याने तत्काळ सोडले, तर 3 गुण जातात. तिसरीस सोडले तर 6. रेंगाळत सोडले तर थोडे अधिक, फार तर 9. आणि तिसरीसही सोडले नाही, तर? तर कुत्रा बाद. आणि केवळ त्या विषयात नव्हे. सकाळपासून मिळविलेले सर्व विषयांतील सर्व गुण रद्द होतात. पहिला हट्ट तीन गुणांचा, दुसरा सहांचा, आणि तिसरा तीनशेंचा.

परीक्षकांनी मान हलविली. ''आउस!'' भैरूचे डोळे मिटलेले होते. तो बाहीस लोंबकळत नव्हता, की ती हिसडतही नव्हता. त्याने केवळ ती धरून ठेवली होती. परीक्षकांनी पुन्हा मान हलविली. भाच्याचा आवाज या वेळी किंचित कापरा आला. ''आउस!'' सारे मैदान श्वास रोखून होते. आम्ही तर न राहवून मराठीत पुटपुटलो, ''सोड रे बाळा.'' त्याने सोडले नाही. परीक्षकांनी हात वर केला, आणि भाचा कुत्र्यास सोडवून आणावयास खाली मान घालून चालू लागला.

सत्त्याण्णव गेले. एक्याण्णव गेले. कार्यपुस्तिकेत गुणांच्या जागी बाद झाल्याची नोंद झाली, आणि तिच्यापुढे कारण. परीक्षकांनी रिवाजाप्रमाणे सर्वांसमक्ष आपला अभिप्राय सांगितला. कुत्रा धीट आहे, बळकट आहे, माग सुरेख काढतो. परंतु जो थांबविता येत नाही, तो कितीही चांगला असला तरी आपल्यास नको, अशा आशयाचे ते बोलणे भाच्याने आम्हांस नंतर समजावून दिले. त्यात राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. बोलणे संपल्यावर त्यांनी भाच्याशी हस्तांदोलन केले आणि खाली वाकून भैरूच्या डोक्यावरून हात फिरविला.

मास्तरास हे सहन झाले नाही. परतताना मोटारीत आम्ही मोठ्या आवेशाने म्हणालो की, हा शुद्ध अन्याय आहे. गणिताच्या पेपरात शेवटचे उदाहरण चुकले म्हणून भाषेचे गुण कोणी काढून घेतो काय? आणि जो कुत्रा भिऊन पळतो, त्याचे काय होते? भाच्याने सांगितले, तेव्हा आम्ही अधिकच चकित झालो. मदतनिसाच्या दडपणाखाली जो कुत्रा मागे हटतो, त्याची संरक्षणाची परीक्षा तेथेच थांबवितात. तो उत्तीर्ण होत नाही. परंतु माग आणि आज्ञापालन यांत मिळविलेले गुण त्याच्या नावावर राहतात. म्हणजे भ्याडाचा एक विषय बुडतो, आणि न सोडणाऱ्याचे सर्वस्व बुडते! आम्ही म्हणालो, ''हा उलटा न्याय कसला?'' भाचा म्हणाला, ''मामा, भित्र्या कुत्र्यापासून गावाला धोका नाही. न सोडणाऱ्यापासून आहे. लढाई संपली हे ज्याला कळत नाही, त्याची बाकीची अक्कल काय कामाची?''

मागल्या आसनावर आमची सौभाग्यवती इतका वेळ गप्प होती. भैरूची मान तिच्या मांडीवर होती. ती तशीच त्याचे कान कुरवाळीत म्हणाली, ''याला तीन वेळा सांगितले हो. तुम्हांला किती वेळा सांगितले?''

मोटारीत कोणी काही बोलले नाही. भाच्याने आरशातून एकदा आमच्याकडे पाहिले आणि नजर रस्त्यावर नेली.

आता ते भांडण सांगितलेच पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. वाटण्या होऊन पुष्कळ वर्षे झाली. घरात आमचे वडील बंधू राहतात, त्यांस आम्ही दादा म्हणतो. परसातील विहिरीपासून जुन्या फणसापर्यंत जी दोनतीन गुंठ्यांची पट्टी आहे, ती आमच्या वाट्याची. दादांनी तिच्यावरून गोठ्याकडे जाण्याची वाट पाडली. आम्ही हरकत घेतली. कागद आमच्या बाजूने आहेत, हे दादाही नाकारीत नव्हते. त्यांनी पत्र लिहिले, ''पट्टी तुझीच. पण वाट मला असू दे, किंवा योग्य ते पैसे घेऊन मला देऊन टाक.'' ही पहिली हाक. आम्ही वकिलाकडून उत्तर पाठविले. पुढे आईच्या वर्षश्राद्धास बहिणीने, याच भाच्याच्या आईने, दोघांचे हात धरून सांगितले, की आता पुरे करा. ही दुसरी. आम्ही जेवून उठलो आणि दुपारच्या गाडीने परत आलो. तिसरी हाक दादांच्या आजारपणात दूरध्वनीवरून आली. आवाज खोल गेलेला होता, आणि त्यांनी पट्टीचा विषयही काढला नाही. एवढेच म्हणाले, ''एकदा येऊन जा.'' आम्ही कामाची सबब सांगितली. अकरा वर्षे झाली. त्या पट्टीवर आमचे एक झाडही नाही. गोठाही आता रिकामा आहे. मदतनीस केव्हाच स्तब्ध उभा राहिला होता. आम्ही मात्र डोळे मिटून बाही धरून होतो, आणि त्यासच आमचा बाणेदारपणा समजत होतो.

भैरूचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून मात्र हा लेख पुरा होत नाही. कारण आम्हांस जे कळले, त्याचा उत्तरार्ध त्याच्या अभ्यासात आहे. सोडावयास शिकवितात कसे, हे आम्ही पुढील तीन आठवडे रोज सायंकाळी पाहिले. पूर्वी काही लोक काट्यांचा गळपट्टा घालून, वेदना देऊन सोडावयास लावीत. जर्मनीत 2022 च्या आरंभापासून कुत्र्यास शिकविताना असली साधने वापरण्यास कायद्याने बंदी आहे. भाचा म्हणाला की, तसेही त्याचा उपयोग उलटाच होतो. ओढले की कुत्रा अधिक घट्ट धरतो. कारण त्याच्या मनात एकच भय असते, की सोडले म्हणजे खेळ संपला, बाही गेली. म्हणून नवी रीत अशी की, त्याने सोडताच, त्याच क्षणी, मदतनीस पुन्हा हालचाल करतो आणि बाही पुन्हा त्याच्यापुढे येते. सोड, आणि पुन्हा मिळेल. सोड, आणि पुन्हा मिळेल. शेकडो वेळा. हळूहळू कुत्र्याच्या ध्यानी येते की, सोडणे म्हणजे गमावणे नव्हे. खेळ चालू राहण्याची ती वाट आहे. आणि एकदा हा विश्वास बसला की, तो आज्ञेसरशी तोंड मोकळे करतो, आणि डोळे उघडे ठेवून समोरच्याकडे पाहत उभा राहतो.

मेच्या अखेरीस आम्ही परत आलो, आणि पावसाच्या आधी चार दिवस गावी गेलो. पुण्याहून निघताना आम्ही दादांस एवढेच कळविले होते की, येतो. पट्टीचा कागद करून घेऊन आम्ही खिशात ठेवला होता. त्यावर काय बोलावे, याची जुळवणी घाट उतरेपर्यंत चालली होती. तिचा काही उपयोग झाला नाही. दादा ओटीवर बसले होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, घडी करून कागद पानाच्या डब्याखाली ठेवला, आणि म्हणाले, ''फणस उतरवायचा आहे. गड्याला सांगितले आहे, तो उद्या येईल. राहणार ना?'' आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या पट्टीवरच्या फणसाचे गरे आम्ही दोघांनी तेल लावलेल्या हातांनी सोलले. अकरा वर्षांत ज्या झाडाकडे आम्ही केवळ सर्व्हेनंबराच्या दृष्टीने पाहिले होते, त्याचा फणस कापा आहे, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

ऑक्टोबरात भाच्याचे पत्र आले; म्हणजे आजच्या रीतीप्रमाणे दूरध्वनीवरील लेखी निरोप. भैरू पहिल्या इयत्तेच्या परीक्षेस पुन्हा बसला. माग 86, आज्ञापालन 81, संरक्षण 78. एकूण 245, श्रेणी 'चांगला'. सकाळचा तो सत्त्याण्णवचा थाट या खेपेस नव्हता. शेवटच्या प्रसंगी त्याने पहिल्या हाकेस सोडले नाही. दुसरीस तत्काळ सोडले. त्यापायी तीन गुण गेले. ''पण मामा,'' भाच्याने लिहिले होते, ''ते तीन गुण कापून घेताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा तेव्हाच्या सत्त्याण्णवांनी झाला नव्हता.''

आम्ही ते दादांस वाचून दाखविले. दिवाळीस ते आमच्याकडे आले होते. त्यांनी सर्व नियम पुन्हा एकदा नीट विचारून घेतले, बोटांवर हिशेब केला, आणि म्हणाले, ''तिसऱ्या हाकेनंतरही सोडले, तर त्यांच्या पुस्तकात काही सोय नाही म्हणतोस?''

आम्ही म्हणालो, ''नाही.''

''मग ते पुस्तक कुत्र्यांपुरतेच ठीक आहे,'' दादा म्हणाले, आणि त्यांनी चकलीची ताटली आमच्याकडे सरकविली.